वातानुकूलन यंत्राची निगा

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते, एवढेच. हे वर्म ध्यानी आले म्हणजे त्याची निगा कशी राखावी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

खोलीतील हवा पंख्याच्या योगाने यंत्रात ओढली जाते. प्रथम ती फिल्टरच्या बारीक जाळीतून गाळली जाते व नंतर थंड नळ्यांच्या वेटोळ्यावरून वाहते. नळ्यांतील द्रव तिची उष्णता शोषून वायुरूप होतो. कॉम्प्रेसर हा वायू दाबून घराबाहेरील वेटोळ्याकडे पाठवितो. तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन तो पुन्हा द्रवरूप होतो. याच वेळी खोलीतील बाष्पाचे थंड नळ्यांवर पाणी होते. विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी अशा यंत्रणेची आखणी केली, ती मुळी हवेतील दमटपणा आवरण्यासाठीच. त्या दमटपणाने तेथील कागद फुगत असे आणि छपाईतील रंग जागेवर बसत नसत.

आता जाळीवर धुळीचा थर साचला तर काय होईल? नळ्यांवरून पुरेशी हवा वाहणार नाही. उष्णता न मिळाल्याने नळ्या अतिशय गार होतात आणि त्यांवर बर्फ धरतो. बर्फाने हवेची वाट आणखी अडते. यंत्र अखंड चालते, वीज खर्ची पडते, परंतु खोली मात्र गार होत नाही. अशा वेळी ‘गॅस संपला’ असे मानून तो भरण्यासाठी पैसे मोजले जातात. परंतु हा वायू इंधनाप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठे तरी गळती आहे हे निश्चित. गळती शोधून बुजविल्यावाचून नवा वायू भरणे म्हणजे फुटक्या घड्यात पाणी ओतणे होय.

म्हणून गृहस्थाने प्रथम जाळीकडे पाहावे. यंत्राचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करून जाळी काढावी. धूळ बसलेली बाजू खाली धरून उलट बाजूने पाण्याची हलकी धार सोडावी, म्हणजे धूळ जाळीत रुतून न बसता वाहून जाते. नंतर ती सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. यंत्र रोज वापरात असता हे काम पंधरवड्यातून एकदा करावे. उत्तर भारतातील धुळीच्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा करणे श्रेयस्कर.

पाणी वाहून नेणाऱ्या नळीत धूळ व ओल यांमुळे बुळबुळीत गाळ साचतो. नळी तुंबली की पाणी घरातील भिंतीवर ओघळू लागते. बाहेरील भागाभोवती हवा खेळण्यास मोकळी जागा असावी; त्याला अडगळ टेकवू नये, पालापाचोळा वेळोवेळी दूर करावा. चेन्नई, विशाखापट्टणम् यांसारख्या सागरतीरावरील नगरांत खाऱ्या हवेने धातू झिजतो. तेथे या भागाची तपासणी अधिक वेळा व्हावी.

मात्र यंत्राचे अंतरंग स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये विद्युत्भार शिल्लक असू शकतो आणि त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. शिवाय अलीकडील अनेक यंत्रांतील आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वलनशील असतो. वेटोळ्यांची सखोल स्वच्छता व गळतीची दुरुस्ती ही कामे उन्हाळ्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावीत.

सारांश, उष्णतेला बाहेर जाण्यास हवेची वाट लागते. ती वाट मोकळी ठेवणे हीच या यंत्राची खरी निगा. आणि तिचा बराचसा भाग बादलीभर पाण्याने साधण्याजोगा आहे.