हळू धावण्याचा धडा



मार्चअखेरीस मी आठ दिवस चिखलदऱ्यात मुक्कामी होतो. अमरावतीच्या सपाट रस्त्यांवर धावणारा मी. इथली उंची सुमारे 1,100 मीटर. मोथा गावाकडच्या पहिल्याच चढावर धाप लागली. मोहाखाली फुले वेचणारी एक कोरकू बाई हसून म्हणाली, "भाऊ, मांगं अस्वल लागलं काय?" उत्तर द्यायलाही श्वास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून नियम केला: बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे. वाक्य तुटले की चालायचे. चढावर पावले छोटी, उतारावर गुडघे किंचित वाकलेले, नजर चार-पाच पावले पुढे.

मग रान दिसू लागले. निष्पर्ण साग, पळसाची केशरी फुले, मोराची हाक. आणि ती बाईही दिसली. थांबून विचारले तेव्हा कळले, की मोह रात्री गळतो, म्हणून ती उजाडण्याआधीच निघते. अस्वलालाही ही फुले आवडतात, म्हणून बाया सोबतीने येतात. वाळवलेला मोह अडीनडीला विकला जातो. तिचा विनोद निव्वळ विनोद नव्हता.

ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षे वर्गणी देतो, त्यांची एक सकाळही मला ठाऊक नव्हती.

आपणही आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटे असे धावून पाहा. मेळघाटात आलात तर सूर्योदयानंतर, गावालगतच्या वाटेनेच. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय नको. आणि वाटेत कोणी भेटले, तर रामराम करण्याइतका श्वास शिल्लक ठेवा.