मुगुमोचं झाड आणि गाणीची देवराई

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मित्रमंडळात दर पावसाळ्यात एक प्रस्ताव येतोच: घरटी काही पौंड जमवून कोकणात रोपं लावायची. यंदा मी विचारलं, मागच्या वर्षीची जगली किती? कोणालाच सांगता येईना.

वंगारी मथाईंनी हा प्रश्न आधीच सोडवला होता. १९७१ साली नैरोबीत डॉक्टरेट मिळवलेल्या या जीवशास्त्रज्ञ बाईंनी ५ जून १९७७ला सात झाडं लावून 'ग्रीन बेल्ट' चळवळ सुरू केली. गावोगावच्या बायका रोपवाटिका चालवत. त्यांना थोडे पैसे मिळत, पण लावलेल्या रोपाचे नव्हे, जगलेल्या रोपाचे! २००४ साली मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं.

मला मात्र त्यांच्या लहानपणची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. घराजवळ मुगुमोचं, म्हणजे आपल्या वड-उंबराच्या कुळातलं, मोठं झाड होतं. आईने बजावलं होतं, याचं सरपण आणायचं नाही, हे देवाचं झाड आहे. शेजारून ओढा वाहायचा. पुढे नव्या मालकाने चहा लावायला ते झाड तोडलं, आणि ओढाही आटला.

कोकणातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईवर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्याची कुऱ्हाड येणार होती. गावकऱ्यांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांना कळवलं की गावचा ओढा या राईतून येतो, ती वाचवा. तोड थांबली. वर्तक आणि माधव गाडगीळ त्याच काळात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करत होते.

ओढा आटतो कशामुळे? झाडं पाऊस 'ओढून आणतात' असं ऐकतो, पण इथे खरं काम जमिनीत होतं. पाचोळ्याखाली गांडुळं, वाळवी आणि कुजलेली मुळं बारीक नळ्या तयार करतात. पावसाचं पाणी त्यातून खाली मुरतं आणि झऱ्यातून सावकाश बाहेर येतं. राई तोडली, पाचोळा गेला, गुरं फिरून माती घट्ट झाली, की तेच पाणी वरच्यावर वाहून जातं. कोकणात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. तिथे हा फरक मे महिन्यात हंडा घेऊन निघालेल्या बाईला कळतो.

उलट बाजूही आहे. झाड पाणी पितंही. निलगिरीसारखी झपाट्याने वाढणारी झाडं दाट लावली तर ओढ्याचं पाणी कमी होऊ शकतं. मथाईंचा देशी झाडांचा आग्रह त्यामुळे निव्वळ भावनेचा नव्हता. आणि शेकडो वर्षांत तयार झालेली जमीन रोपांबरोबर पिशवीत घालून नेता येत नाही.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. रोपं कोणत्या जातीची, तिसऱ्या उन्हाळ्यात मोजायला कोण जाणार, आणि त्याच गावात एखादी राई अजून उभी आहे का, एवढं मी लिहून नेणार आहे.