रेडिओतील गुणगुण: एक शोध

रात्री नऊच्या सुमारास मध्यम लहरींच्या पट्ट्यावर रेडिओची सुई सावकाश फिरवून पाहा. दिवसा न मिळणारी कितीतरी दूरची केंद्रे ऐकू येतील. दिवसा सूर्यकिरणांमुळे आयनांबरात ‘डी’ नावाचा खालचा थर तयार होतो आणि तो या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर हा थर विरून जातो. मग लहरी वरच्या थरांवरून परत फिरतात आणि शेकडो किलोमीटर दूर पोचतात. मात्र दूरच्या केंद्राच्या आवाजात पुष्कळदा ‘घूंऽऽ’ अशी गुणगुण मिसळलेली असते. ती कोठून येते? तिचा उगम कसा शोधायचा?

बारामती तालुक्यातील सुपे येथे एका नातेवाइकांकडे मी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. घरातल्या आजोबांना रात्री दूरची केंद्रे ऐकण्याचा नाद. काही दिवसांपासून गुणगुणीने ते अगदी जेरीस आले होते. “शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की हे चालू होतं,” असे त्यांचे ठाम मत. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीने येत होती, त्यामुळे मोटार रात्रीच चाले आणि गुणगुणही रात्रीच येई. एवढ्यावरून दोन्ही घरांत अबोला धरण्यापर्यंत वेळ आली होती.

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते का? नववीतल्या नातवाला मी म्हणालो, “वही आण. आपण तपास करू. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची.”

पहिला प्रश्न: दोष रेडिओतच आहे का?

आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. रेडिओतील एकदिशकारक तिच्या प्रत्येक आवर्तनातील दोन्ही अर्धी आवर्तने वापरतो, म्हणून त्यानंतरच्या विद्युत्‌दाबात सेकंदाला १०० चढउतार उरतात. ते सपाट करण्याचे काम धारित्राचे. धारित्र जुने झाले की हे चढउतार स्पीकरपर्यंत पोचतात. अशी गुणगुण सुई कोठेही नेली तरी सारखीच राहते.

आम्ही वायर काढून रेडिओत सेल घातले. गुणगुण कायम! म्हणजे ती बाहेरूनच येत होती.

दुसरा प्रश्न: दूरच्या केंद्रावरच का?

समजा, जवळच्या केंद्राचा संदेश १०० एकक आहे, दूरच्या केंद्राचा २ एकक आणि गोंगाट १ एकक. जवळच्या केंद्रापुढे गोंगाट शंभरावा हिस्सा आहे. तो कानाला जाणवतही नाही. दूरच्या केंद्रापुढे मात्र तो निम्मा आहे. शिवाय संदेश क्षीण असला की रेडिओ आपले वर्धन आपोआप वाढवतो, आणि संदेशाबरोबर गोंगाटही मोठा होतो. सुप्याहून पुणे सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटरवर आहे. म्हणून आकाशवाणी पुणे केंद्र (७९२ किलोहर्ट्झ) स्वच्छ लागे आणि लांबची केंद्रे गुणगुणत.

तिसरा प्रश्न: उगम कोणत्या बाजूला?

रेडिओ हातात घेऊन आम्ही शेजाऱ्याच्या विहिरीकडे निघालो. मोटार चालू होती. उगम तेथे असता तर पावलागणिक गुणगुण वाढायला हवी होती. झाले उलटेच. साठ-सत्तर पावलांवर ती जवळजवळ नाहीशी झाली, आणि घराकडे वळताच पुन्हा वाढू लागली.

यात नवल नाही. विहिरीवरची मोटार बहुधा प्रवर्तन मोटार असते. तिच्यात कार्बनचे ब्रश नसतात, त्यामुळे चालताना ठिणग्या उडत नाहीत. स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये मात्र ब्रश असतात. तो चालू करून रेडिओ ऐका, फरक कळेल.

आता सुई रिकाम्या जागांवरून फिरवली. गुणगुण सर्वत्र सारखी नव्हती. ठराविक अंतराने ती चढे आणि उतरे. नातवाने खुणा केल्या. दोन खुणांतील अंतर सुमारे ६५ किलोहर्ट्झ भरले. हा मोठाच धागा होता. मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे यांतील परिपथ वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. ही वारंवारता ६५ किलोहर्ट्झ असेल, तर तिच्या पटीही निर्माण होतात: ९ पट ५८५, १० पट ६५०, ११ पट ७१५. या सर्व मध्यम लहरींच्या पट्ट्यातच येतात, आणि चार्जरमधील एकदिशकारकानंतर उरणारे १०० हर्ट्झचे चढउतार त्यांवर स्वार होतात. तीच आपली ‘घूंऽऽ’!

शेवटी घरातील मोठ्या माणसाने मेन स्विच बंद केला. रेडिओ एकदम स्वच्छ झाला. नंतर एकेक उपकरण सुरू केले. माजघरात रात्री मोबाइलला लावलेला चार्जर सुरू होताच गुणगुण परतली. तो बदलला आणि काम झाले. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः शेजाऱ्याकडे चहाला गेले.

आवाजावरून ओळख

गुणगुणीचे इतर प्रकारही लक्षात ठेवा. केंद्र नेमके लागल्यावरच ती येत असेल आणि सुई बाजूला नेताच जात असेल, तर त्या केंद्राच्याच लहरी घरातल्या तारांत शिरून एखाद्या उपकरणातील डायोडमधून जात आहेत असे समजा. डायोड विजेच्या प्रत्येक आवर्तनाबरोबर उघडतो-मिटतो आणि लहरींवर आपला ठसा उमटवतो. सेकंदा-सव्वासेकंदाला ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर आसपासच्या शेतात रानडुकरांसाठी झटका मशीनचे कुंपण आहे का ते पाहा. खरखर कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी वाढत असेल आणि पाऊस पडताच थांबत असेल, तर विजेच्या खांबावरील सैल जोडातून ठिणग्या उडत असण्याचा संभव असतो.

हा तपास म्हणजे केवळ घरगुती करमणूक नव्हे. आपल्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे आकाशातील अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात. तेथील शास्त्रज्ञांनाही वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचा गोंगाट शोधून काढावा लागतो. आजोबांना हवे होते दूरचे केंद्र, त्यांना हवी असते दूरची दीर्घिका, अडचण तीच.

करून पाहा

सेलवर चालणाऱ्या रेडिओत फेराइटची कांडी असते. पेटीच्या मागच्या झाकणातून ती बहुधा आडवी बसवलेली दिसते. गुणगुण ऐकत रेडिओ जमिनीला समांतर गोल फिरवा. कांडीचे टोक उगमाकडे असते तेव्हा आवाज सर्वांत कमी होतो. कागदावर घराचा नकाशा काढून त्या दिशेची रेघ मारा. दुसऱ्या जागी उभे राहून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा जेथे छेदतात, तेथे शोध घ्या. मात्र गोंगाट तारांवरूनही पसरतो, म्हणून एकाच मोजणीवर विसंबू नका.

आणि हे विसरू नका: विजेवर चालणारा रेडिओ उघडू नका, खांबाला किंवा त्याच्या ताणाला हात लावू नका, मेन स्विचचे काम मोठ्यांवर सोपवा. खांबावर दोष वाटला तर वीज कार्यालयाला कळवा. कोणावर आळ घेण्यापूर्वी मात्र एक प्रयोग जरूर करा.