संदर्भचौकट आणि काळाचे मापन

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस ‘संदर्भचौकट’ ही संकल्पना भाषा व भौतिकशास्त्र या दोन्ही अंगांनी स्पष्ट करता येईल. तसेच ‘सापेक्ष’ आणि ‘मनमानी’ यांतील भेद सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, साताऱ्याहून रेल्वेने निघालेला प्रवासी ‘कराड गेले, आता सांगली येईल’ असे सहज म्हणतो. सांगलीच्या फलाटावर उभा असलेला मनुष्य मात्र ‘गाडी येईल’ असे म्हणतो. एक गावाला चालवतो, दुसरा गाडीला. तरी दोघांपैकी कोणीही चुकीचे बोलत नाही. ज्या आधारावरून आपण स्थान, गती वा काळ सांगतो, त्या आधारास संदर्भचौकट म्हणतात. ‘परवा’ हा शब्द पाहा. ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांतील दिवस वेगळे. परंतु दोन्ही मोजले जातात ते बोलणाऱ्याच्या ‘आज’पासून.

२. सोयीची चौकट

सूर्य माथ्यावर येण्याच्या क्षणावरून वेळ ठरवली, तर पूर्वेकडील सांगलीची वेळ साताऱ्याच्या सुमारे दोन मिनिटे पुढे राहील. गावोगावच्या अशा वेळांवर गाड्यांचे वेळापत्रक चालणे कठीण. म्हणून १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ स्वीकारली गेली. मुंबईत मात्र ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. प्रमाणवेळेच्या तुलनेत स्थानिक सौर वेळ साताऱ्यात सरासरी ३४ मिनिटे, तर सांगलीत ३२ मिनिटे मागे असते. प्रमाणवेळेचे हे प्राधान्य व्यवहारातील संमतीने आलेले आहे. त्या रेखांशावरील काळ इतर ठिकाणच्या काळाहून अधिक खरा आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

३. निसर्गनियमांची भूमिका

निसर्ग तरी एखाद्या चौकटीस प्राधान्य देतो काय? एकोणिसाव्या शतकात प्रकाशाचे माध्यम म्हणून ‘ईथर’ कल्पिला गेला आणि त्याची चौकट निरपेक्ष मानली गेली. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये ही कल्पना अनावश्यक ठरवली. एकमेकांच्या सापेक्ष समान वेगाने सरळ रेषेत जाणाऱ्या सर्व चौकटींत निसर्गाचे नियम सारखेच असतात आणि निर्वातातील प्रकाशाचा वेगही तोच असतो, असे त्यांनी मांडले.

धावत्या डब्याच्या मध्यभागी दिवा लावला, अशी कल्पना करा. प्रवाशाच्या मोजणीत प्रकाश दोन्ही टोकांना एकाच वेळी पोहोचेल. फलाटावरील निरीक्षकाच्या मोजणीत मात्र डब्याची मागची भिंत प्रकाशाला सामोरी येते आणि पुढची दूर जाते. म्हणून प्रकाश मागच्या टोकाला आधी पोहोचेल. अर्थात, ‘एकाच वेळी’ हे विधान चौकट सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीत तासाभरात पडणारा घड्याळांचा फरक सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागाहूनही कमी असतो. गुरुत्वाकर्षणाचाही परिणाम होतो: सातारा सांगलीहून उंचावर असल्याने तेथील अचूक घड्याळ दिवसाकाठी सेकंदाच्या एक-दोन अब्जांश जलद चालेल. आपल्या व्यवहारात हे फरक जाणवत नाहीत. जीपीएस उपग्रहांची घड्याळे मात्र वेग व उंची यांच्या एकत्रित परिणामामुळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती न केल्यास स्थाननिश्चितीतील चूक दिवसागणिक किलोमीटरांनी वाढेल.

४. ‘सापेक्ष’ म्हणजे मनमानी नव्हे

‘सर्व काही सापेक्ष आहे’ हे वाक्य साहित्यचर्चेत अनेकदा ‘ज्याचे मत त्याच्यापाशी’ या अर्थाने वापरले जाते आणि त्यासाठी आइन्स्टाइन यांचा आधार घेतला जातो. हा आधार चुकीचा आहे. एका चौकटीतील मोजमाप दुसरीत नेण्याचे निश्चित नियम आहेत. शिवाय काही गोष्टी बदलत नाहीत. दिवा लागल्यानंतरच प्रकाश भिंतींवर पोहोचतो. कार्यकारणाचा हा क्रम कोणत्याही चौकटीत उलटत नाही. प्रवाशाचे व फलाटावरील मनुष्याचे विधान वेगळे असले, तरी गाडी आणि सांगली यांतील अंतर घटत आहे, हे दोघांनाही मान्य असते. चौकट सांगणे ही विधानाची जबाबदारी आहे. ती टाळण्याची पळवाट नव्हे.

स्वाध्याय

१. आपल्या बोलीतील ‘येणे’ व ‘जाणे’ या क्रियापदांची चार वाक्ये लिहून प्रत्येकाची संदर्भचौकट सांगा.
२. प्रमाणवेळेचे प्राधान्य आणि ईथरच्या चौकटीचे कल्पित प्राधान्य यांतील फरक स्पष्ट करा.