जसे काम, तसे जहाज

आपल्या धडगाव तालुक्याच्या उत्तरेला नर्मदामाई वाहते. पुढे भडोचवरून जाऊन ती समुद्राला मिळते. समुद्रावर पूर्वी शिडाची जहाजे चालत. शीड म्हणजे उंच काठीला बांधलेले मोठे कापड. त्यात वारा भरला की जहाज पुढे जाई. त्या उभ्या काठीला डोलकाठी म्हणतात.

सगळी जहाजे सारखी नसत. औताला बैल लागतात, गाडीलाही लागतात. पण औतावर कोणी पोती वाहत नाही! जहाजांचेही तसेच होते.

मचवा : ही लहान नाव. मासे धरायला आणि किनाऱ्याजवळ थोडा माल न्यायला उपयोगी.

शिबाड : हे व्यापाऱ्यांचे जहाज. पोट मोठे. माल पुष्कळ मावे, पण चाल सावकाश.

गलबत : हे हलके आणि चपळ. वारा पडला तरी अडत नसे. चाळीस-पन्नास वल्ही मारून माणसे ते पळवीत.

गुराब : ही मोठी लढाऊ नाव. डोलकाठ्या दोन किंवा तीन. पुढचे टोक निमुळते. वर जड तोफा. वारा नसला की गलबते तिला दोराने ओढून नेत.

म्हणजे बघा, एकाला जोर होता, दुसऱ्याला वेग. दोघे मिळून लढत. कान्होजी आंग्रे यांनी अशाच आरमाराच्या बळावर कोकणचा किनारा राखला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून आले. त्यांना हात हलवीत परत जावे लागले.

शिबाडाचा माल मचव्यात भरला तर काय होईल? मचवा बुडेल. प्रत्येक नावेची एक मर्यादा असते. सरदार सरोवराचे पाणी साचून आपल्याकडे नर्मदा खोल झाली आहे. काठचे लोक बोटीने जातात-येतात. २०१९ साली संक्रांतीच्या दिवशी भुषा गावाजवळ बोट उलटली. आत माणसे फार झाली होती. काही जणांचे प्राण गेले.

म्हणून बोटीत पाय ठेवण्याआधी पाहा. बोटीचा काठ पाण्याच्या चांगला वर आहे का? नावाड्याला विचारा, “दादा, हिच्यात माणसे किती बसतात?” तेवढी बसली असतील तर थांबा. दुसऱ्या फेरीने जा. उशीर झाला तरी चालेल, जीव महत्त्वाचा.

प्रश्न
१. शिबाड आणि गलबत यांत फरक कोणता?
२. वारा नसला तर गुराब कशी चाले?
३. बोटीत बसण्याआधी तुम्ही काय पाहाल?