किरण जुळले, पण कशाशी?

लेसरने अंतर मोजणाऱ्या फिरत्या लायडारमध्ये सोळा, बत्तीस किंवा चौसष्ट लेसर एकावर एक रचलेले असतात. ते नीट जुळवताना वेळ वाया जातो तो बहुतेकदा एकाच घोटाळ्यामुळे: दोन निराळ्या जुळण्या एकच धरल्या जातात. एक जुळणी प्रत्येक लेसरची त्याच्या स्वतःच्या डिटेक्टरशी असते, दुसरी लेसरांची आपापसात. माझं ठाम मत असं, की पहिली यंत्रावर, हातानेच आणि काटेकोर करावी लागते. दुसरी हाताने साधण्याच्या फंदात पडू नये. ती मोजावी आणि गणितात दुरुस्त करावी. दोन्हींत उलटसुलट केलं की दोन्हीकडून नुकसान होतं.

पहिली जुळणी सॉफ्टवेअरवर सोडता येत नाही, याचं कारण साधं आहे. लेसरचा ठिपका लक्ष्यावर जिथे पडतो तिथे डिटेक्टरची नजर नसेल, तर परतलेला प्रकाश वाया गेला. न आलेला सिग्नल कुठलंही गणित परत आणत नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे टेबलासमोरच्या भिंतीवर जुळणी करणं. सोडणारं भिंग आणि घेणारं भिंग यांच्यात 4 सेंटिमीटर अंतर आहे असं धरा. दोन मीटरवरच्या भिंतीवर दोघांची नजर एका ठिकाणी आणायची, तर त्यांच्यात 20 मिलिरेडियनचा कोन ठेवावा लागतो. पन्नास मीटरवर मात्र 0.8 मिलिरेडियनच हवा असतो. म्हणजे टेबलावर अगदी नेमकं जुळवलेलं यंत्र पन्नास मीटरवर जवळजवळ एक मीटर बाजूला बघत बसतं. म्हणून लांबचं लक्ष्य घ्यावं, नाहीतर कॉलिमेटर वापरावा. जवळचा सिग्नल थोडा कमी मिळाला तरी चालतो, कारण जवळून प्रकाश मुळातच भरपूर येतो. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: 905 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. बंद यंत्रावरचा ‘क्लास 1’ हा शिक्का झाकण उघडल्यावर लागू राहत नाही. ठिपका बघायचा तर इन्फ्रारेड कार्ड किंवा त्या तरंगलांबीचा कॅमेरा घ्यावा, आणि त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा लावूनच काम करावं.

आता दुसरी जुळणी. 0.1 अंशाची चूक शंभर मीटरवर 17 सेंटिमीटर होते, हे कळलं की कुणालाही स्क्रू पिळावासा वाटतो. पण 50 मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगामागे लेसर 10 मायक्रॉन सरकला, तरी किरण 0.2 मिलिरेडियन वळतो, म्हणजे शंभर मीटरवर 2 सेंटिमीटर. इतकं तर गोंद सुकताना किंवा ॲल्युमिनियमचा पाया तापतानाही होऊ शकतं. वेलोडाइनच्या एचडीएल-64ई या यंत्राने हा हट्ट धरलाच नव्हता. त्यातल्या चौसष्टपैकी प्रत्येक लेसरला आडव्या कोनाची, उभ्या कोनाची, अंतराची आणि जागेच्या सरकण्याची स्वतंत्र दुरुस्ती होती, आणि ती एका फाईलमध्ये यंत्राबरोबर मिळत असे. किरण कुठे जातो हे नेमकं ठाऊक असलं की पुरतं; तो सरळच जायला हवा असं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: फाईल कारखान्यातूनच मिळते, मग पुन्हा मोजायचं कशाला? ग्लेनी आणि लिच्टी या संशोधकांनी 2010 मध्ये याच यंत्राच्या एस2 आवृत्तीचं सपाट पृष्ठभागांच्या आधारे पुन्हा कॅलिब्रेशन केलं, तेव्हा पृष्ठभागापासून बिंदूंचं विचलन कारखान्याच्या फाईलच्या तुलनेत तिपटीने सुधारलं. तरीही अंतराच्या मोजमापात गणितात न बसलेली काही विकृती उरली असावी, असं त्यांनीच नोंदवलं आहे. कारखान्यातली फाईल ही सुरुवात मानावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोजण्यासाठी वेगळी लक्ष्यं लावायचीच कशाला? लेव्हिन्सन आणि थ्रन या संशोधकांनी दाखवलं, की कुठलंही खास लक्ष्य न लावता, शेजारशेजारचे किरण बहुधा एकाच सलग पृष्ठभागावर पडतात एवढ्या गृहीतकावर, चालत्या गाडीतूनच कॅलिब्रेशन करता येतं. पद्धत चांगली आहे, मीही तिच्या बाजूने आहे. पण किरण एकमेकांशी जुळले म्हणजे जमिनीशी जुळले असं नव्हे. तानपुऱ्याच्या तारा आपापसात सुरेल लागूनही पट्टी चुकलेली असू शकते. सगळ्या किरणांत सारखीच असलेली चूक अशा तुलनेत बऱ्याच अंशी लपून राहते. तिच्यासाठी टोटल स्टेशनने मोजलेलं एखादं अंतर हवंच.

सगळ्यात जास्त फसवते ती समोरची एकुलती एक भिंत. सगळे बिंदू पातळ रेषेत आले की लोक खूश होतात. पण उभ्या भिंतीवर किरण थोडा वर किंवा खाली गेला, तर बिंदू बहुतांशी भिंतीतच सरकतो आणि चूक जवळजवळ दिसतच नाही. तिरपा फळा ठेवला तर ती दिसते, तरी तिचं कारण कळत नाही: दहा मीटरवर 1 सेंटिमीटरचा फरक कोनातल्या 1 मिलिरेडियनमुळे येऊ शकतो, किंवा लेसरची जागाच 1 सेंटिमीटर सरकलेली असल्यामुळेही. साठ मीटरवर पहिली चूक 6 सेंटिमीटर होते, दुसरी 1 सेंटिमीटरच राहते. एकाच अंतरावर मोजलं तर गणित या दोन्हींपैकी काहीही निवडतं आणि उरलेली चूक मात्र अगदी कमी दाखवतं. म्हणून पृष्ठभाग वेगवेगळ्या अंतरांवर, वेगवेगळ्या कलांचे असावेत, आणि यंत्रही तिरकं करून पाहावं. पांढरा आणि काळा, दोन्ही फळे घ्यावेत, कारण सिग्नलच्या जोरानुसार मोजलेलं अंतर बदलतं. 1 नॅनोसेकंद इकडेतिकडे म्हणजे 15 सेंटिमीटर. रस्त्यावरच्या चकाकत्या पाट्या या कामात नकोतच: त्यांचा झगझगाट शेजारच्या डिटेक्टरांतही शिरू शकतो.

‘पुढे नकाशा जुळवणारा अल्गोरिदम हे सांभाळून घेईल’ असंही म्हणतात. तो सांभाळत नाही, ती चूक गाडीच्या स्थितीत ढकलतो, आणि मग तिचा माग काढणं जास्त अवघड होतं.

तेव्हा एवढं करा. यंत्र सुरू करून तापमान स्थिर होऊ द्या, मगच मोजा. निकाल तपासताना कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेला पृष्ठभाग घ्या. आणि फाईलवर सेन्सरचा अनुक्रमांक, तारीख आणि तापमान लिहा, कारण एका यंत्राची फाईल त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्राला लागू होत नाही.