हळदीच्या गावात उद्योजकतेचे चार धडे

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षणाचा पहिला टप्पा संपवून मायदेशी परतले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला होता. बडोदा संस्थानात ते नोकरीस लागले. परंतु त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अपमान गिळून ते मुंबईस आले. चरितार्थासाठी त्यांनी शिकवण्या केल्या आणि समभागांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढीही काढली. प्रारंभी काम मिळू लागले. पुढे सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्या बंद पडलेल्या पेढीची आठवण मात्र आपल्या भाषणांतून क्वचितच निघते.

ती निघावी, असे मला वाटते. कारण त्या पेढीत ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती ती ग्राहकाच्या विश्वासाची, आणि तो विश्वास जातीच्या भिंतीपाशी अडला होता. आज शंभर वर्षांनंतर ती भिंत पुरती पडली आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तिला दारे पडली आहेत. त्या दारांतून आत जाऊन स्वतःचा उद्योग उभा करणारी माणसे आपल्या मराठी मुलखातच आहेत. त्यांच्या वाटचालीतून आपल्या मुलांनी काय शिकावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार वसमतमध्ये करण्यास विशेष कारण आहे. वसमत हे हळदीचे गाव. २०२४ मध्ये येथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी राज्य शासनाने हरिद्रा संशोधन केंद्रही येथेच उभारावयास घेतले आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारीपासून निघू लागते. मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, निवडणे आणि बाजार समितीत बोली, असा तिचा प्रवास चालतो. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर आपली माणसे आहेत. कोणी काढणीला जाते, कोणी शिजवणीच्या टोळीत असते, कोणी पोती उचलते. आपल्या आयाबहिणी हळकुंडे आणि गड्डे वेगळे करतात. मात्र काट्याजवळ सौदा करणारा, गिरणीचा मालक, पाकिटावर स्वतःचे नाव छापणारा असा आपल्यातला माणूस शोधावा लागतो. श्रम आपले आहेत. मालकी अद्याप आलेली नाही. ती कशी यावी, याचे चार धडे पाहू.

पहिला धडा : धंद्याआधी कसब

सांगली जिल्ह्यातील पेड या गावी एका चर्मकार कुटुंबात अशोक खाडे यांचा जन्म झाला. वडील मुंबईत चपला दुरुस्तीचे काम करीत. आई शेतात मजुरीला जाई. थोरले बंधू दत्ता माझगाव डॉकमध्ये वेल्डिंगच्या कामास लागले. अशोकरावांनीही तेथेच उमेदवारी केली, जहाजांच्या आराखड्यांचे काम शिकले आणि नोकरी सांभाळून पदविका मिळवली. कामानिमित्त त्यांना जर्मनीसही जाता आले. अनेक वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात काम केल्यानंतरच तिघा भावांनी स्वतःची कंपनी काढली. दत्ता, अशोक आणि सुरेश यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘दास ऑफशोअर’ ठेवले. समुद्रातील तेलविहिरींच्या फलाटांची अवघड कामे या कंपनीने केली.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, खाडे बंधूंनी धंदा काढला तेव्हा त्यांना त्या कामाचा प्रत्येक सांधा ठाऊक होता. नोकरीला त्यांनी शिकण्याची जागा मानले. आपल्याकडील तरुण मात्र पुष्कळदा उलट करतो. शेजाऱ्याचे दुकान चालते म्हणून तसेच दुकान थाटतो आणि वर्षभरात शटर ओढतो. हळदीत उतरू इच्छिणाऱ्याने एक हंगाम शिजवणीच्या टोळीत, एक हंगाम गिरणीत आणि एक हंगाम अडत दुकानात काढावा. हळकुंड मोडून आतील रंग आणि वाळवण ओळखता आली पाहिजे. ज्या आईने वीस वर्षे हळद निवडली, तिच्या बोटांत हे ज्ञान आधीच आहे. ते अडाणीपण समजू नये. ते घरातले पहिले भांडवल आहे.

दुसरा धडा : हिशेबाची वही

ओली हळद शिजवून वाळवली की साधारण चौथा ते पाचवा हिस्सा वजन उरते. हे ज्याला ठाऊक नाही, तो खरेदीतच फसतो. पण खरी फसगत पुढे आहे. ती एका उदाहरणाने पाहू. यातील दर केवळ गणितासाठी घेतले आहेत.

समजा, एका तरुणाने १ क्विंटल वाळलेली हळद १२,००० रुपयांना घेतली. दळणाचे ८०० रुपये झाले. साफसफाई व दळणात ५ किलो घट येऊन ९५ किलो पूड मिळाली. पाकिटांना किलोमागे १२ रुपये, म्हणजे १,१४० रुपये लागले. वाहतुकीस ५६० रुपये गेले. एकूण खर्च १४,५०० रुपये. दुकानदारांना १७५ रुपये किलोने माल दिला, तर १६,६२५ रुपये येतात आणि २,१२५ रुपये उरतात. तरुण आनंदित होतो. परंतु त्यातील १५ किलोचे पैसे उधारीत बुडाले, तर हाती १४,००० रुपयेच येतात. म्हणजे ५०० रुपये तोटा. शिवाय त्याने स्वतःची मजुरी यात धरलेलीच नाही.

ओळखीच्या दुकानदाराला नाही कसे म्हणावे, या संकोचातून अनेक छोटे उद्योग संपले आहेत. म्हणून उधारीची मर्यादा माल देण्यापूर्वीच ठरवावी, वही रोजच्या रोज लिहावी, घरखर्चाचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवावा आणि स्वतःचा पगार खर्चात धरावा.

या शिकवणीची मुळे आपल्या परंपरेत फार जुनी आहेत. अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्तात कोलिय कुळातील दीघजाणु हा संसारी गृहस्थ भगवंतांना ऐहिक सुखाचा मार्ग विचारतो. तेव्हा त्याला चार गोष्टी सांगितल्या जातात : उद्योगातील दक्षता, मिळवलेल्या धनाचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि आय-व्यय जाणून समतोल जगणे. शेवटच्या गोष्टीसाठी दृष्टान्त दिला आहे तो तराजू धरणाऱ्याचा. पारडे किती झुकले आणि किती वर गेले हे जसे त्याला कळते, तसे गृहस्थाला आपल्या जमाखर्चाचे कळले पाहिजे. बाजार समितीतील काट्यापाशी उभ्या राहणाऱ्या मुलास याहून जवळचा दृष्टान्त कोणता असणार?

तिसरा धडा : कर्ज आणि शब्द

अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा येथील कल्पना सरोज यांचा विवाह कोवळ्या वयातच झाला. सासरचा छळ सोसून त्या माहेरी परतल्या आणि पुढे मुंबईत कपडे शिवण्याच्या कामाला लागल्या. सरकारी योजनेतून कर्ज घेऊन त्यांनी छोटा व्यवसाय उभारला. त्यांची खरी कसोटी लागली ती कमानी ट्यूब्ज या बुडालेल्या कारखान्यात. कामगारांच्या ताब्यात आलेली ही कंपनी शंभर कोटींहून अधिक कर्जाखाली आणि असंख्य खटल्यांत अडकली होती. सरोज यांनी प्रथम देणेकऱ्यांची यादी केली. बँकांकडे जाऊन दंड व व्याज माफ करण्याची विनंती केली, मुद्दल फेडण्याचा शब्द दिला आणि तो पाळला. कामगारांची थकलेली देणीही दिली. २००६ मध्ये कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे आली. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या वस्त्यांत कर्जाविषयी दोन टोके दिसतात. काही जण भीतीने बँकेची पायरीच चढत नाहीत आणि खासगी सावकाराकडे जातात. काही जण अनुदानावर डोळा ठेवून कर्ज घेतात आणि हप्ता आला की तोंड चुकवतात. दोन्ही मार्ग घातकच. हप्ता चुकण्याची वेळ आली, तर त्याआधीच बँकेत जाऊन बोलावे. लपणाऱ्याला सवलत मिळत नाही. समोर बसून हिशेब मांडणाऱ्याला मिळण्याची शक्यता असते. आणि एकाने बुडवलेले कर्ज त्याच गल्लीतील पुढच्या दहा मुलांच्या अर्जांना भोवते, हेही ध्यानात ठेवावे.

शब्द जसा बँकेला दिलेला असतो, तसा तो ग्राहकालाही दिलेला असतो. हळदीचा रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेटसारखे विषारी रंग मिसळण्याचे प्रकार घडतात. त्यातील शिसे मुलांच्या मेंदूस इजा करते. गृहस्थाने जे व्यापार करू नयेत असे धम्मात सांगितले आहे, त्यांत विषाचा व्यापार आहे. वसमतचे नाव पाकिटावर छापणाऱ्याने हे विसरू नये. मानांकन गावाला मिळाले आहे. एकाची भेसळ साऱ्या गावाला बट्टा लावील.

चौथा धडा : सोबत

आता पुन्हा बाबासाहेबांच्या त्या पेढीकडे येऊ. ती चालली नाही, कारण बाजारात ते एकटे होते. काम देणारा ओळखीचा व्यापारी नव्हता, की पाठीशी उभी राहणारी व्यापाऱ्यांची संघटना नव्हती. ही उणीव ज्यांनी नेमकी ओळखली, ते मिलिंद कांबळे लातूर जिल्ह्यातले. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका त्यांनी आपल्या शेजारच्या नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून घेतली. पुण्यात त्यांनी बांधकाम व्यवसाय उभारला आणि २००५ मध्ये दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना स्थापन केली. तिच्यासारख्या संघटनांनी लावून धरल्यामुळे दलित उद्योजकांचा प्रश्न धोरणापर्यंत पोहोचला. केंद्र शासनाच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठेवले गेले. एकट्या कंत्राटदाराने शंभर अर्ज केले असते, तरी हे झाले नसते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांना हा धडा लागलीच अंमलात आणता येईल. एकाच्या गिरणीतली पूड दुसऱ्याच्या दुकानात विकावी, तिसऱ्याने हिशेब तपासावेत, बँकेत नोकरीस असलेल्याने अर्ज भरण्यास साहाय्य करावे. मात्र सोबत म्हणजे फुकट माल नव्हे. आपल्या माणसाकडून विकत घ्यावे, रोख घ्यावे आणि माल कमी प्रतीचा असेल तर तसे तोंडावर सांगावे.

आरंभ कोठून करावा?

अनुसूचित जातीतील तरुणांसाठी १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ कार्यरत आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदानाची तरतूद करण्यात आली. चालू अटी व मुदत जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्याव्यात. अन्न सुरक्षा नोंदणीवाचून एकही पाकीट विकू नये. पालकांना विनंती अशी की, मुलाने किंवा मुलीने धंद्याची गोष्ट काढली तर तिला वेड्यात काढू नका. तीन हंगाम शिकण्यास द्या, आणि त्या काळात वही लिहिली की नाही एवढे पाहा.

नोकरी वाईट नाही. तिने आपल्या दोन पिढ्यांना उभे केले. परंतु जागा मोजक्या आहेत आणि उमेदवार वर्षागणिक वाढत आहेत. हळद मात्र पुढल्या जानेवारीतही निघणार आहे. बाजार समितीच्या काट्याभोवती तेव्हाही गर्दी असेल. त्या गर्दीत आपल्या शाळेचा एखादा विद्यार्थी वही हाती घेऊन, मालाचा भाव स्वतः सांगत उभा असावा, आणि त्याची जात न विचारता समोरच्याने तो भाव मान्य करावा. बाबासाहेबांची पेढी जेथे थांबली, तेथून पुढचे पाऊल ते असेल.